आखाजीचा प्रोसेसर

उन्हाळा आला की मला राग येतो. उकाड्याचा नव्हे. उकाडा मला चालतो. जळगावात जन्मलेल्या माणसाने उकाड्याची तक्रार करावी म्हणजे मासोळीने पाण्याची करण्यासारखं आहे. बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, खिडक्यांना ओले पडदे, कूलरच्या वाळ्याचा वास, माठाखालची ओली वाळू, हे सगळं मला प्रिय आहे. राग येतो तो आखाजीचा. अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात आणि मनातून दिवाळीपेक्षा मोठी मानतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधले जातात, पितरांसाठी पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि कैरी ठेवतात. बायका खापरावर पुरणपोळ्या करतात, पुरुष ओट्यावर पत्ते कुटतात. आणि जावई बसतात. जावयाचं आखाजीचं काम एवढंच, बसणं.

आमचे जिजाजीही बसतात. जळगावातल्या मेहरूणच्या आमच्या माहेरच्या घरात, कूलरसमोर, आमरसाची दुसरी वाटी पुढ्यात घेऊन. आणि दरवर्षी त्या दुसऱ्या वाटीला त्यांना तोच विनोद आठवतो. "बेबीच्या हातात मशीन देऊ नका रे बाबा. तिनं नवाकोरा प्रोसेसर जाळला होता, आठवतं ना? धूर निघाला होता धूर!" सगळे हसतात. मीही हसते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं हसते आहे.

बेबी म्हणजे मी. पन्नाशीला टेकलेली बाई, धुळ्यात बियाण्यांचं दुकान सांभाळते, दोन पोरांची आई, आणि माहेरी अजून बेबी. त्याचाही राग आहे, पण तो लहान राग आहे, तो राहू द्या.

तर प्रोसेसर. तो मी जाळला नव्हता. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकते.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. नव्वदचं दशक अर्धं उलटून गेलं होतं. मेहरूणमध्ये आमच्या गल्लीत कॉम्प्युटर एकच, आमच्या घरी. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी कॉम्प्युटर विषय घेतला म्हणून तो आणला होता. नानांची शेती चोपड्याकडे, केळीची. आठवड्यातले चार दिवस ते तिकडे, तीन दिवस इकडे आमच्यात. कॉम्प्युटरची खोली म्हणजे खरं तर धान्याची खोली, पण त्या खोलीत चपला काढून जायचं, मॉनिटरवर मायने स्वतः विणलेली जाळीची झालर, आणि शेजारची माणसं बघायला आली की माय आधी हात धुऊन यायला सांगायची. माय म्हणजे आई. आमच्याकडे असंच म्हणतात.

लोकांना वाटायचं मी अभ्यास करते. करायचेही, सकाळी. पण दुपारी, सगळं घर ओल्या पडद्यांमागे आडवं झालं की मी खेळायचे. हे मी आज अगदी ठासून सांगते, कारण तेव्हा सांगायची सोय नव्हती. मला खेळायचं होतं. गाड्यांची शर्यत, भुलभुलैया, आणि सगळ्यांत आवडता तो विमान उडवायचा खेळ. मुलगा खेळला तर त्याचं डोकं तल्लख, आणि मुलगी खेळली तर तिला घरात काम नाही? पोरगी कॉम्प्युटरवर बसते ती काहीतरी उपयोगाचं करायलाच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. कशाला उपयोगाचं? मला ते विमान ढगांतून वर न्यायचं होतं, बस.

पण विमान नीट उडेना. आमच्या मशीनमध्ये होता जुना प्रोसेसर, सहासष्ट मेगाहर्ट्झचा. खेळ नवा, मशीन म्हातारं. धावपट्टीवर विमान सरळ पळायच्या ऐवजी तीन उड्या मारायचं, मग थिजायचं, आणि पुन्हा हललं की थेट शेतात. आकाश तुकड्या-तुकड्यांनी यायचं. या एका गोष्टीने मला जेवढं शिकवलं तेवढं कॉलेजने तीन वर्षांत शिकवलं नाही. का अडकतं, कुठे अडकतं, हे शोधता शोधता मी कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डबरोबर आलेली पातळ पुस्तिका होती, तिच्यातलं इंग्रजी असं की लिहिणाऱ्यालाच कळलं नसावं. ती मी इतक्यांदा वाचली की पानं सुटी झाली. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरच्या मासिकांतून तक्ते उतरवून घेतले. एसटीडी बूथवरून पुण्याच्या एका दुकानदाराला फोन करून इतके प्रश्न विचारले की शेवटी तो म्हणाला, "मॅडम, तुमचं दुकान कुठे आहे?" त्या 'मॅडम'वर मी आठवडाभर खूश होते.

निवड सोपी नव्हती. सहासष्टच्या पुढे दोन रस्ते होते. एक शंभरचा, दुसरा एकशे तेहतीसचा. आकडा मोठा तेवढा वेग मोठा, हे कुणालाही कळतं. पण आमच्या बोर्डच्या पुस्तिकेत यादी शंभरवर थांबत होती. एकशे तेहतीस चालेलही कदाचित, पण लिहिलेलं नव्हतं, आणि जे लिहिलेलं नाही ते विचारल्याशिवाय बसवायचं नाही, एवढी अक्कल मला होती. शिवाय नवे प्रोसेसर तापायचे फार, त्यांच्या डोक्यावर छोटा पंखा बसवावाच लागे. थंडीच्या गावात एखाद्याने तो नाही बसवला तर निभलं असतं. आमच्या मे महिन्यात? मी वहीत लिहिलं होतं: शंभरचा, पंख्यासकट. आणि त्याखाली लाल शाईने: आधी जंपर.

जंपर म्हणजे बोर्डवरच्या दोन बारीक काट्यांवर बसवायची नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी. ती कुठल्या काट्यांवर आहे त्यावर प्रोसेसरला किती वीज जाणार ते ठरतं. आमचा जुना पाच व्होल्ट खायचा. नव्याला साडेतीनच्या आत हवे. टोपी न हलवता नवा बसवला तर तो जळणार. मिनिटात नाही जळला तर पाचात जळेल, पण जळणार. सगळ्या त्रांगड्यात महत्त्वाची गोष्ट ही एकच होती, आणि ती चिमट्याने करायची दोन सेकंदांची गोष्ट होती.

हे सगळं नानांना माहीत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नाना शाळा सातवीपर्यंत शिकलेले, पण यंत्राचा माणूस. शेतातली पंपाची मोटर ते स्वतः उघडायचे. जळगावात असले की दुपारी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायचे आणि विमान खाली यायला लागलं की ओरडायचे, "उतार, उतार, आते उतार!" विमान शेतात शिरलं की हळहळायचे. "कोन्या गरिबानी केळी मोडी व्हई," म्हणायचे. एका दुपारी त्यांनी माझी वही मागितली, लाल शाईवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हाई काय शे?" मी सांगितलं. टोपी काढून दाखवली, पुन्हा बसवली. त्यांनी चष्मा कपाळावर सारून वाकून पाहिलं.

"आणि हलवली नाही तर?"

"जळेल."

"मंग हाई पहिलं. मोटरनं बटन दाबाना आधी फ्यूज देखाना." मग वही मिटून म्हणाले, "तुले हाई बठ्ठं समजस?"

"सगळं समजतं, नाना."

त्या साली आमच्या घरात एक वाद चालू होता. मला पुढे एमसीए करायचं होतं, तीन वर्षं. मायचं म्हणणं, स्थळं येताहेत, तीन वर्षांनी येणार नाहीत. नाना मधोमध अडकलेले. त्या दुपारी त्यांनी निकाल दिला. म्हणाले, हा नवा प्रोसेसर मी आणून देतो, पास झाल्याचं बक्षीस. तो तू बसव. विमान सरळ उडालं तर मी तुझ्या मायला सांगतो की पोरीला यंत्र समजतं, तिला शिकवू. फॉर्म मी स्वतः आणतो.

माझ्या आयुष्यात मला कुणी दिलेली सगळ्यांत न्यायाची परीक्षा ती. पेपर मला येत होता. तारीख तेवढी मी ठरवली नाही. ती मायने ठरवली. नवी वस्तू घ्यायची तर आखाजीला, साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त, त्या दिवशी आणलेलं कधी सरत नाही.

आदल्या दिवशी शिंदखेड्याहून अक्का आली, माझी मोठी बहीण, आणि तिच्याबरोबर जिजाजी. जिजाजी तेव्हा तरुण, केस मागे वळवलेले, खिशाला दोन पेनं. धुळ्याला त्यांच्या मित्राच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता. म्हणजे जिजाजींना कॉम्प्युटर येत होता, असा हिशेब. मी शंभरचा सांगून ठेवलाय म्हटल्यावर ते हसले. "शंभर कसाले? एकशे तेहतीस शे ना!"

मी वही काढली. त्यांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. नानांना म्हणाले, "पोरीस्नी जात, वही पाहिजे. आपण दुकानात जाऊन बघू."

आखाजीच्या सकाळी दुकानात नाना आणि जिजाजी गेले. मला जायचं होतं. माझी वस्तू, माझं बक्षीस, माझी परीक्षा, पण घागर भरायची होती, पुरण शिजायचं होतं, आणि सणाच्या दिवशी घरची पोरगी बाजारात कशाला? मी दुकानदारासाठी चिठ्ठी लिहिली, मॉडेलसकट. चिठ्ठी जिजाजींनी खिशात ठेवली. ती खिशातच राहिली. परत आले तेव्हा डबीवर लिहिलं होतं, एकशे तेहतीस. नाना थोडे ओशाळलेले. जावयाने दुकानात चार लोकांसमोर बोलून टाकलं, आता त्याचा शब्द कसा खाली पाडायचा?

मी म्हटलं, दुकान अजून उघडं आहे, मी बदलून आणते. माय पुरणाचा हात तसाच वर धरून माझ्याकडे बघायला लागली. "मुहूर्तनी वस्तू कोनी परत करस का? आनि जवाईना हातनी वस्तू लाभस, बेबी."

मग मी म्हटलं, निदान आज बसवू नका. उद्या सकाळी पुण्याला फोन करते, या बोर्डला हा चालतो का विचारते, मग बसवू. एक दिवसाने काय बिघडणार आहे? तर तेही नाही. आखाजीला आणलेली वस्तू आखाजीलाच सुरू झाली पाहिजे. नाहीतर आणली कशाला? अहो, लाडक्या लोकांनो, तो नांगर नव्हता! हळदकुंकू लावून दोन पावलं ओढला की सुरू झाला म्हणायला! पण नांगराला जो नियम तोच माझ्या प्रोसेसरला लागला, आणि मी हो म्हटलं, कारण माझ्याकडे अजून लाल शाईची ओळ होती. बसवणार तर मी होते. टोपी मी हलवणार होते. एकशे तेहतीस नाहीच चालला तर निदान जळणार नव्हता. "पंक्ती उठल्या की चार वाजता बसवते," मी सगळ्यांना सांगितलं. नानांनी मान हलवली.

दुपारी परसात खापर पेटलं होतं. उलटं घातलेलं मातीचं भांडं, खाली धगधगती लाकडं, वर हातभर पसरलेली पोळी. पोळी हातावर झेलत झेलत मोठी करायची असते आणि माझी फाटत नसे. म्हणून खापरावर मी. कौतुक केलं की माणूस तिथून उठू शकत नाही, हे बायकांना फार उशिरा कळतं. वर ऊन, समोर जाळ, चेहरा असा तापलेला की घामही टिकत नव्हता. ओट्यावरून पत्त्यांचा गलका येत होता. मग गलका कमी झाला. मला वाटलं, डाव संपला असेल.

मग वास आला. आधी मला वाटलं पोळीच लागली. मी खाली वाकून पाहिलं, पोळी चांगली होती. वास गुळाचा नव्हता, कणकेचाही नव्हता. तिखट, कडवट, घशात खवखवणारा, नवं प्लॅस्टिक आणि तापलेलं लोखंड यांच्यामधला कसलातरी. आजही कुठे वायर जळाली की मला त्याच्यामागे पुरणाचा वास येतो. दोन्ही वास माझ्या नाकात एकत्र शिवले गेलेत. मी पोळी खापरावर तशीच सोडून पळाले.

धान्याच्या खोलीत पाच-सहा पुरुष. कॅबिनेट उघडं. मॉनिटर काळा. जिजाजी बटण बंद करून पुन्हा चालू करत होते. "सुरू होतंय, सुरू होतंय, नवं आहे ना, वेळ लागतो." तिसऱ्यांदा दाबलं त्यांनी माझ्यादेखत. मी पिठाच्या हाताने प्लगच उपटला.

खटका वर करायचा, जुना काढायचा, नवा ठेवायचा, खटका खाली. एवढं त्यांनी बरोबर केलं होतं. तेवढं कुणालाही येतं. टोपी जागची हलली नव्हती. पाच व्होल्टवर. पंख्याची पिशवी टेबलावर न उघडता पडलेली. त्यांना कुणीतरी विचारलंही होतं म्हणे, हा पंखा कुठे बसतो? तर जिजाजींनी छताकडे बोट दाखवलं होतं. "वर फिरतोय ना एक!" आणि सगळे हसले होते. मी प्रोसेसरला बोट लावलं आणि चटका बसला. बोटाच्या टोकावर फोड आला. पोळीने कधी भाजलं नव्हतं इतकं भाजलं.

नाना गल्लीत कुणाकडे तरी गेले होते, ते आत्ता हात-पाय धुऊन मागून आले. "बठ्ठं जळी गे का?" त्यांनी विचारलं. आणि मी तोंड उघडायच्या आत जिजाजी म्हणाले, शांतपणे, रुमालाने मान पुसत, "मी फक्त बसवला, नाना. सेटिंग तर बेबीनं करून ठेवलेलं होतं सकाळीच. तीच म्हणाली, सगळं तयार आहे."

नीट वाचा. माणूस घाबरला नाही, गडबडला नाही. जशी भाजी वाढावी तसं खोटं वाढलं त्याने.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. आणि त्याच वेळी दारात अक्का आली. तिने सगळं पाहिलं होतं. मधल्या खोलीत ती लेकराला झोपवत होती, तिथून कॅबिनेट समोर दिसतं. तिने माझा दंड धरला, पिठासकट. "बेबी, मन्हाकडे देख," ती कानाशी म्हणाली. "काही बोलू नको. मना संसार शे."

ती उगीच घाबरत नव्हती. आदल्या वर्षी मायने पाहुण्यांसमोर जिजाजींना एक शब्द सुनावला होता, तर अक्का दिवाळीला आलीच नाही. नाना घ्यायला शिंदखेड्याला गेले आणि रिकामे परत आले. त्या दिवाळीला मायने फराळाचा डबा उघडला नव्हता. आणि या आखाजीला अक्काच्या एका हातात चार महिन्यांची मिनू होती, नीट झोपलेलीसुद्धा नव्हती.

"बेबी," नाना म्हणाले, "टोपी हलवली व्हती का तू?"

त्यांनी बरोबर तोच प्रश्न विचारला होता. जो मीच त्यांना शिकवला होता.

"विसरले," मी म्हटलं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी टॉर्च घेतली, वाकून टोपी पाहिली, कुठे आहे ते पाहिलं, टॉर्च बंद केली. "फ्यूज न देखनारना हातमा मोटर देतस नहीं," एवढंच म्हणाले, तेही मला नाही, स्वतःला म्हणाल्यासारखं. आणि जेवायला बसले. परसात माझी पोळी खापरावर कोळसा झाली होती. ती मात्र खरंच मी जाळली, तिचा आळ मला मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी मी जुना सहासष्टचा परत बसवला. टोपी होती तिथेच होती, त्यामुळे तो चालला. विमान पुन्हा तीन उड्या मारून थिजायला लागलं. जूनमध्ये एमसीएच्या फॉर्मची तारीख येऊन गेली. नाना फॉर्म आणायला गेले नाहीत आणि मी विचारलं नाही, कारण विचारायला तोंड कुठे होतं? पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न धुळ्यात झालं. नवरा चांगला निघाला. नशीब, दुसरं काय? पण मला जे छळतं ते लग्न नव्हे, एमसीएही नव्हे. त्या आखाजीनंतर नाना माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले नाहीत. एकदाही नाही. विमान खाली यायचं आणि उतार म्हणायला कुणी नसायचं.

राग कुणाचा धरायचा, याची मी पुष्कळ वाटणी करून पाहिली. जिजाजींचा तर आहेच, तो उकळता आहे. मुहूर्ताचा आहे. वस्तू परत करायला लाजणाऱ्या आणि माणूस परत पाठवायला न लाजणाऱ्या आमच्या रीतीचा आहे. मायचा थोडा. आणि अक्काचा आहे, हेही आज लिहून टाकते. ती बिचारी होती, मान्य. पण बिचाऱ्या माणसांना राखायचं काम दरवेळी बाजूच्या मुलीनेच का करायचं? तिचा संसार वाचावा म्हणून मी एक शब्द बोलले. चार अक्षरी शब्द. नंतर तो विनोद झाला आणि दर आखाजीला आमरसाबरोबर वाढला जायला लागला, तेव्हा अक्का वाटीत बघत राहायची. एकदा तरी म्हणायचं होतं, जाऊ द्या हो, जुनं झालं. तेवढंही नाही. मुख्य म्हणजे जिजाजींना स्वतःलाच आता ते खरं वाटतं. त्यांच्या डोळ्यांत लबाडी दिसत नाही. इतक्यांदा सांगून सांगून त्यांनी ते खरं करून टाकलं, आणि खरं फक्त माझ्याजवळ उरलं.

नाना सात वर्षांपूर्वी गेले. त्यांना मी सांगितलं नाही. शेवटच्या आजारपणात रात्रंदिवस त्यांच्या उशाशी होते, पाय चेपत होते, दहा वेळा तोंडाशी आलं. अक्का समोर बसलेली असायची. राहिलं ते राहिलंच.

आणि यंदाची आखाजी. तेच घर, तोच लिंब, खापराची जागा आता गॅसच्या शेगडीने घेतली आहे. माय ऐंशीची, पलंगावरून हुकूम सोडते. मिनू पुण्याहून आली होती, अक्काची तीच तेव्हाची लेक, आता नोकरी करते. लग्नाचं विचारलं की कानात इअरफोनची बोंडं घालते. तिला नवा कॉम्प्युटर जुळवायचा आहे, खेळण्यासाठी. हे तिने सरळ सगळ्यांसमोर सांगितलं, "मला गेमिंगसाठी पाहिजे," आणि कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. मला तिचा इतका हेवा वाटला की मी उठून पाणी पिऊन आले.

तिच्या फोनवर तीन प्रोसेसर होते. कुठला घेऊ, म्हणून ती फोन फिरवत होती. फोन जिजाजींकडे गेला. दुसरी वाटी त्यांच्या पुढ्यात होतीच. "त्याच्यात काय बघायचं? सगळ्यांत मोठा आकडा घे. आजच ऑर्डर कर, आखाजी आहे. फक्त मावशीला हात लावू देऊ नको." आणि झालं सुरू. धूर निघाला होता धूर. सगळे हसायला लागले.

मी हसले नाही.

अक्काला ते लगेच कळलं. ती शेजारीच बसली होती, तिने माझा दंड धरला. तोच दंड, त्याच जागी. तिचा हात आता म्हातारा झालाय, शिरा वर आल्यात. मी तो हात हळूच काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"जिजाजी," मी म्हटलं, "तो प्रोसेसर तुम्ही जाळला. मी परसात पोळ्या करत होते. जंपर न बदलता तुम्ही बसवला, तीनदा चालू केला, पंखा पिशवीतच होता. आणि नानांना तुम्ही सांगितलं की सेटिंग बेबीनं केलं."

अक्काने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, आता ताट उधळलं जाणार. आता बॅग भरली जाणार. इतकी वर्षं आम्ही दोघी ज्याला घाबरलो ते आता होणार.

जिजाजींनी चमचा चाटला. "असेल," म्हणाले. "असेल बुवा. इतक्या जुन्या गोष्टी कोण लक्षात ठेवतं?" आणि वाटी पुढे केली. "रस आहे का अजून?"

असेल!

एवढंच. ताट उधळलं नाही, आभाळ कोसळलं नाही. अर्ध्या शब्दात माणूस मोकळा झाला. त्या शब्दासाठी मी माझ्या बापाच्या नजरेतून उतरले होते. तेव्हाच मी तो मागितला असता तर कदाचित बॅग भरलीही असती, मला माहीत नाही. पण मधल्या पंचवीसेक आखाज्यांत कधीही तो एवढ्याच स्वस्तात मिळाला असता, नाना होते तोवर मिळाला असता, आणि आम्ही दोघी बहिणी वाटीत बघत बसलो. मला जिजाजींच्या तोंडावर रस ओतावासा वाटला. मी वाढला. वाटीत वाढला. थोडा मात्र त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडला, त्याचं मला काहीही वाईट वाटलं नाही.

"मी लक्षात ठेवते," मी म्हटलं.

पलंगावरून माय म्हणाली, "काय झालं?" अक्का उठली. डोळे पुसले नाहीत, काही नाही, तशीच मायच्या कानाशी वाकली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काही नहीं माय. बेबीनी टोपी विसरनी नव्हती. नानास्ले आपन खोटं सांगं व्हतं." मायला कितपत कळलं, देव जाणे.

मिनू माझ्या शेजारी येऊन बसली. पायाने खुर्ची ओढून. फोन माझ्या हातात दिला. "मावशी, मग तू सांग. कुठला?"

मी चष्मा लावला. तिन्ही नीट वाचले. बोर्ड कुठला घेणार ते विचारलं. कॉम्प्युटर पुण्यात राहणार की इथे, उन्हाळ्यात खोलीत किती तापतं, पंखा कसला लावणार, तेही विचारलं. ती उत्तरं देत गेली. दोन तर विचारल्या-विचारल्याच बाद झाले. तिसऱ्याचं तिच्या बोर्डशी जमतं का, ते बोर्डवाल्याच्या यादीत बघायला हवं होतं.

"तोच घेऊ ना? करू ऑर्डर?" मिनूचं बोट बटणावर. "आज आखाजी आहे, आजी म्हणते आजच घे."

मी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"आज नाही," मी म्हटलं. "आधी यादी बघू. उद्या घेऊ, बिनमुहूर्ताचा. नाही बसला तर परत करता येईल असा."